दोनदा उगवलेलं गवत

तळ्याचे फोटो काढण्यात फोटोग्राफरकाकांचा हात कुणी धरू शकत नसे. कोवळ्या उन्हासाठी ते सकाळीच टेकडी चढायचे. मागून ट्रायपॉड वाहून आणायची काकू, आणि वर बोलणीही तिनंच खायची. "बाजूला हो गं! लोकांना तळं बघायचंय, तू नाही!" तरी तिची सावली कोपऱ्यात यायचीच. मग काका कॉम्प्युटरवर शेजारचं गवत उचलून त्या सावलीवर चिकटवायचे.

काकू गेली. भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडेना. शेवटी काकांनी तळ्याचाच लावला. येणारेजाणारे पाण्याची वाहवा करतात. काका बघतात तो खालचा कोपरा, जिथं एकच झुपका दोनदा उगवलाय. त्यातला चिकटवलेला तेवढा हलतो, असं ते शपथेवर सांगतात.