लंकाबाईचे उघडे डोळे

मोठ्या भिंगाचा कॅमेरा म्हणजे पैसेवाल्यांचा चोचला, असं तुम्हालाही वाटतं ना? नाशिकच्या आमच्या वस्तीतल्या मंगलाबाईसमोर हे बोलून बघायचं होतं!

अठ्ठ्याहत्तर साली तिचा स्टुडिओ म्हणजे एक पत्र्याची खोली आणि तीन काचांचं जुनं भिंग. त्याचं तोंड बारीक, उजेड कमी शिरायचा, म्हणून वस्तीच्या बुद्धविहारात फ्लॅश मारावा लागे. आणि फ्लॅश पेटला की सासूचे, लंकाबाईचे, डोळे हमखास मिटत. म्हातारी म्हणाली, "मंगले, फोटू मेल्यावर लावायचा हाय. यात तर मी आत्ताच मेले."

मंगलाबाईला ते झोंबलं. बुद्धपौर्णिमेला, मेणबत्त्यांच्या उजेडात, उघड्या डोळ्यांचा फोटो काढून दाखवते, असं ती वस्तीभर सांगून बसली.

तिनं जुनं पण चहाच्या कपाएवढ्या तोंडाचं भिंग मिळवलं. मधे उजेड कमीजास्त करणारा पडदा, अलीकडे तीन काचा, पलीकडे तीन. दुरुस्तीवाल्याला तिनं खोदून विचारलं. तो म्हणाला, रचना आजोबांच्या काळातली. पण इतक्या काचांत उजेड उसळून फोटोत धुकं व्हायचं. काचेवर निळसर लेप चढवायला लागले, तेव्हा ती चालली आणि भिंगांची तोंडं रुंदावत गेली.

आत बुरशी होती. नवरा मल्हारी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. त्यानं भिंग खोललं, पुसलं, बसवलं. फोटो आले ते ताकात बुडवल्यासारखे. भिंगच भंगार, असं तो म्हणाला. तिनं त्याच्या हाताला दोष दिला, त्यानं तिच्या खरेदीला.

"दुरुस्तीवाला म्हणाला होता, दोन्ही बाजू एकमेकींच्या चुका काढतात," ती कडाडली.

"म्हणजे आपलंच घर."

तिनं भिंग उचलून आत पाहिलं. "पण आपण समोरासमोर भांडतो. तुम्ही इथं एका काचेला पाठ फिरवायला लावलीय."

तेच निघालं. मागच्या जाड काचेची पोकळ बाजू पडद्याकडे हवी, ती बाहेर बघत होती. मल्हारीनं ती फिरवली.

पौर्णिमेला विहारात तिनं भिंगाचा पडदा पूर्ण उघडला. एवढ्या उघड्या तोंडाला जेमतेम बोटभर जागा स्पष्ट दिसते. ती तिनं सासूच्या डोळ्यांवर धरली.

"कवा काढती गं?"

"काढला."

फोटोत दोन्ही डोळ्यांत ज्योती होत्या, कान मात्र विरघळलेले. कान कुठं गेले, म्हातारीनं विचारलं.

"आत्याबाई, ते तसेही कुणाचं ऐकत नव्हते."

लंकाबाई पोट धरून हसली. हाच लावायचा, म्हणाली.

आज तोच लावलाय, विहारात. हार घालायला याल तेव्हा एवढं करा: फुलं खाली ठेवा, तिचे डोळे झाकू नका.