खंडेनवमीची रायफल

अमेरिकेत जाऊन मी रायफल चालवायला शिकलो असं सांगितलं की लोक सरसावून बसतात. मग मी मेंढ्यांचं सांगू लागतो आणि ते पुन्हा मागे टेकतात.

२००४ सालचा शरद ऋतू. पीएचडीचं सहावं वर्ष. वायोमिंगमध्ये युनिव्हर्सिटीच्या मेंढ्यांच्या फार्मवर, गावापासून लांब, एका ट्रेलरमध्ये मी राहत होतो. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं लांबुळकं घर, वाऱ्यानं रात्रभर कुरकुरणारं. संशोधन अवेळी विणाऱ्या मेंढ्यांवर. जगातल्या शहाण्या मेंढ्या वसंतात वितात, माझ्या थंडीच्या तोंडावर. त्यांची कोकरं दूध सुटेपर्यंत पुरेशी जगली तरच आकडेवारीला अर्थ होता. आदल्या शरदात निम्मी न्यूमोनियानं गेली होती. या खेपेला जगली, तर उरलेलं लिहिणं घरी बसून करता आलं असतं. नोव्हेंबरात आईबरोबर परत जायचं, कायमचं, असं ठरलं होतं. वडील गेल्यापासून ती साताऱ्यात एकटी होती. उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा ‘पोराला घेऊनच येते’ असं आळीभर सांगून आली होती.

सप्टेंबरात मेंढ्या विऊ लागल्या आणि कोयोट येऊ लागला. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ असा हा प्राणी. आई त्याला कोल्हाच म्हणायची. “कोल्हा काकडीला राजी म्हणतात. तुमचा इथला मेला थेट कोकराला राजी!” विजेच्या कुंपणाखालून उकरून तो आत यायचा आणि सकाळी एक मेंढी ओरडत हिंडायची.

फार्मचा मॅनेजर सत्तरीचा होता. त्याचे हात कापू लागले होते, म्हणून त्याची रायफल माझ्या गळ्यात आली. परदेशी विद्यार्थ्याला बंदूक हाताळायची तर आधी शिकारीचं लायसन हवं, तेही त्यानंच काढायला लावलं. मग मला गावातल्या दुकानात नेलं. रायफल एकच, पण तिच्यात चालणाऱ्या काडतुसांनी अख्खं फडताळ भरलेलं. मी अर्थातच सगळ्यात स्वस्त डबा उचलला. त्यानं तो परत ठेवला. ती टणक गोळी जनावरातून आरपार जाते, जनावर लांब जाऊन तडफडून मरतं आणि गोळी पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. “पलीकडे तुझ्याच मेंढ्या आहेत,” तो म्हणाला. “गोळी कोयोटच्या आत थांबली पाहिजे.” शेवटी हलक्या, वेगवान, टोकाला प्लॅस्टिक असलेल्या गोळ्या घेतल्या. लागताच आतच फुटतात त्या. दोन कंपन्यांच्या घेतल्या, कारण कुठली गोळी कुठल्या नळीला मानवेल हे ती झाडून बघितल्याशिवाय कळत नाही म्हणे.

त्यानंतरचे दिवस कागदावर गोळ्या झाडण्यात गेले. शंभर यार्डांवर खोक्याला कागद चिकटवायचा, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवायची, श्वास सोडायचा, तीन गोळ्या मारायच्या. चालत जायचं, भोकं बघायची, चालत यायचं. रायफलवरच्या दुर्बिणीची चकती एखाददुसऱ्या खटक्यानं फिरवून नेम जुळवायचा. नळी तापली की निवेपर्यंत नुसतं बसायचं. मेंढ्या रात्रभर विणार आणि दिवसा हे. मी इतका दमलो होतो की दमल्याचाही कंटाळा आला होता. एका कंपनीची भोकं कागदभर विखुरली, दुसरीची एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ पडली. दुसरीच घेतली. शंभरावर दीड इंच वर लागली की दोनशेवर बरोबर बसते, कारण गोळी जाता जाता खाली येते. तेवढं जमलं तेव्हा म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली. मी आईला बजावलं, “आई, रायफलला हात लावू नकोस हं, साइट-इन केलीय, नेम जुळवून ठेवलाय.”

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी सोफ्यावर आडवा झालो तो मेल्यासारखा झोपलो. उठलो तर कापराचा वास. खंडेनवमी होती, हे माझ्या गावीही नव्हतं. हत्यारांची पूजा करायचा दिवस. साताऱ्याला आई या दिवशी विळी, शिलाई मशीन आणि वडिलांची स्कूटर पुजायची. इथे ट्रेलरमध्ये पुजण्याजोगं एकच हत्यार होतं. खुर्च्या जोडून त्यावर तिनं खण अंथरला होता आणि त्यावर रायफल, दस्त्याला हळदकुंकू, नळीपाशी झेंडूचं फूल, समोर वाटीत साखर. कोकरांचं औषध पाजायची नळीसुद्धा शेजारी मांडली होती, तीही कुंकू लावून. मला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांत हसलो नव्हतो, ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग नमस्कार केला आणि साखर खाल्ली.

दोन दिवसांनी पहाटे तो दिसला. कुंपणाच्या अलीकडे, दोनशे यार्डांवर, आडवा उभा. याहून सोपा नेम नसतो. मी गोळी झाडली आणि त्याच्या पलीकडे धूळ उडाली. पुढच्या खेपेलाही तेच. वारा असेल म्हटलं, हात हलला असेल म्हटलं. झोप नसलेल्या माणसाला स्वतःचा दोष चटकन पटतो. ऑक्टोबर सरला आणि कोकरं जातच राहिली. शेवटी पुरेशी उरली नाहीत. मॅनेजर म्हणाला, “आता पुढचा शरद.” मग म्हणाला, कागदावर मारून तर बघ.

भोकं वीतभर उजवीकडे पडली. त्यानं दुर्बिणीखालच्या पट्टीवर बोट फिरवलं. तिथे पोचा होता. “पडलीय ही. दुर्बीण हललीय.”

मी घरी आलो. आई चपात्या लाटत होती.

“आई, रायफल पडली होती?”

तिचं लाटणं थांबलं. “पुजेला मांडताना खुर्चीवरनं निसटली रे. केवढा आवाज झाला! तरी तू उठला नाहीस. मी आल्यापासून तुला इतकं गाढ झोपलेलं पाहिलंच नव्हतं. मग कुठं उठवायचं?”

“अगं, पण उठल्यावर तरी सांगायचंस!”

“उठल्यावर तू हसलास,” आई म्हणाली. “मग कसं सांगू?”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तयारीनिशी आलो होतो. खाली बसलो आणि ती वाढेल ते जेवलो.

नोव्हेंबरात तिला एकटीलाच विमानतळावर सोडलं. आळीला काय सांगशील म्हणून विचारलं, तर म्हणाली, “सांगेन, झोपलाय अजून.”