ढेलजेत बसलेली लेक

पडदा वर जातो. भर दुपार, रिकामं नाट्यगृह, रंगमंचावर अर्धं रंगवलेलं एकच दार आणि त्या दाराला धरून उभा असलेला आमच्या नाटक कंपनीचा सुतार. आम्ही सगळे त्याला बिजागरी म्हणायचो. हयातभर त्याने आमच्यासाठी दारं केली. राजवाड्याची केली, तुरुंगाची केली. मागे घर मात्र कधीच नसायचं.

मी तालमीला लवकर आले होते. मला बघून तो जवळजवळ ओरडलाच.

"बाई, तुम्ही शब्दांतल्या. ढेलज म्हणजे आत की बाहेर?"

"अरे, तुझ्याच घराला आहे की! रस्त्याकडचं दार, मग छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला ओटे, आणि मग घराचं दार. ती मधली जागा."

"छप्पर मीच घातलंय हो! पण आत की बाहेर?"

हळूहळू उलगडा झाला. लेकीने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा याने चारचौघांत शपथ घेतली होती, की हिला पुन्हा घरात घेणार नाही. आज ती कडेवर पोर घेऊन आली आणि ढेलजेत बसून राहिली. बापाने बोलावल्याशिवाय ती पुढे येईना, आणि बोलावलं तर बापाची शपथ मोडणार. म्हणून हा हातोडीसकट इकडे पळून आला होता.

एका नाटकाच्या वेळी उच्चार शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलेलं मला आठवलं. मी जरा आवाज लावूनच म्हटलं, "शब्द मूळचा फारसी. दहलीज. बाहेरचं दार आणि घर यांच्या मधली जागा. आपल्याकडे येऊन त्याची ढेलज झाली."

"म्हणजे ना आत, ना बाहेर?" त्याने कपाळावर हात मारला. "मग ती आली की नाही आली? बाई, या धंद्याने माझं डोकं आधीच फिरलंय. या दारातून तुम्ही विंगेत गेलात की प्रेक्षकांना वाटतं, बाई घरात गेल्या. विंगेतले आम्ही म्हणतो, सुटल्या, बाहेर आल्या. खरं कुणाचं?"

आता मलाही काही सुधरेना. "चल, बघूनच येऊ," म्हटलं.

लेक ओट्यावर बसली होती. नातू मांडीवर झोपलेला. आतल्या दारात बिजागरीची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आलात? एक आत येत नाही, एक रस्त्यावर पळतो. मी काय दोघांचा वॉचमन आहे?"

बिजागरी बाहेरच्या दारात थबकला. एक पाय आत, एक पाय बाहेर. लेकीने मान वर केली नाही, पण ओट्यावर जरा सरकली. एका माणसापुरती जागा झाली. त्याने हातोडी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसला.

"अहो, आता तरी दोघं आत या!" बायको म्हणाली.

तो नातवाच्या इवल्या पायाकडे बघत म्हणाला, "ताटं इकडेच आण. माझंसुद्धा. ही जागा कुठली, ते ठरेपर्यंत आम्ही इथेच राहतो."