पहिली धार

गडचांदूरला एकदाच भेटलेल्या त्या फिटरभाऊंचे नाव विचारायचे संकोचाने राहूनच गेले. दुधाच्या कॅनला तांब्याची नळी जोडून ते अंगणात बिअर बनवत. मागची आंबून गेली होती. “आता बिगडली तं ह्या कॅनात मी पानीच भरीन,” असे पत्नीने बजावले होते.

बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या फुलांचा संत्र्याच्या सालीसारखा कडसर वास सुटला होता. पहिला पेला त्यांनी मोहाच्या बुंध्याशी ओतला. “मोहाची असो का हॉप्सची, पयली धार देवाले.”

दुसरा पेला माझ्या हाती आला. घोट घेऊन मी अदबीने “छान” म्हणालो.

“भाऊ, तुमी तं कारल्यालेबी छान म्हनसान!” म्हणत त्यांच्या पत्नीने तो पेला घेतला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. “राहू द्या कॅन.”

फिटरभाऊ माझ्याकडे नव्हे, मोहाकडे पाहून हसले.