खाली गाडी

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून माझ्या बाला सांगितलं होतं, "चांगलं कोलेस्टेरॉल खाली आहे. यवतमाळला जाऊन हृदय तपासून घ्या." डॉक्टर बाहेरगावचे, पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांचं 'खाली' म्हणजे कमी. बाची सारी हयात नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवण्यात गेलेली, त्याच्या कानाला 'खाली' म्हणजे रिकामी गाडी. तो खुशीत तांड्यावर परतला आणि त्यानं मटण मागवलं.

मी पुसदला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. एकदा सुटीत बाला सांगितलं होतं, की रक्तात काही प्रथिनं असतात. ती यकृतातून जवळजवळ रिकामी निघतात, पेशींच्या दारात साठलेलं कोलेस्टेरॉल उचलतात आणि माघारी यकृतात आणून टाकतात; त्यांनी परत नेलेलं ते चांगलं कोलेस्टेरॉल. बाला हे भारी आवडलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तो स्वतः ट्रकवाला. "म्हंजे आपला धंदा रक्तातच हाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. जे सोयीचं वाटलं तेवढं त्यानं लक्षात ठेवलं, हा त्याचा जुनाच स्वभाव.

याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोन आला म्हणून मी गाडी काढून तडक तांड्यावर आले. बा अंगणात बाजेवर बसला होता, डावा हात उजव्या हातानं दाबत. थंडीचे दिवस, तरी बनियन घामानं भिजलेली.

"गॅस हाय," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला.

"सकाळपासून असाच बसून हाय," याडी म्हणाली. "ओवा देल्ला, सोडा देल्ला. दवाखान्यात चाल म्हटलं त आयकूनच नाही राह्यला."

"ऊठ बा, गाडीत बस."

"कायले? डॉक्टरच म्हणे खाली हाय. खाली गाडी माल उचलते, तूच सांगतलं ना मले? माल निघून राह्यला असंल."

"खाली म्हणजे कमी, बा. चांगलं ते कमी आहे."

"मास्तरीण झाली, शब्द फिरवून राह्यली," म्हणत तो हसायला गेला. हसू मधेच तुटलं आणि हात छातीवर गेला.

मला त्याचा असा राग आला, की ओरडावंसं वाटलं. रागाच्या तळाशी निव्वळ भीती होती. हृदयाची चिंचोळी नळी आणि तिच्या आतल्या बाजूला धरलेली चरबीची पुटं, फळ्यावर अनेकदा काढलेली, आता मला बाच्या बनियनखाली दिसत होती. पण त्याला ओढायला गेलं असतं तर तो बाजेला घट्ट धरून बसला असता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि त्याच्याच बोलीवर आले.

"बरं. खाली त खाली. गोदाम भरून वाहून राह्यलं, अन् गाड्या खालीच परत येऊन राह्यल्या. तू गाडीवाला. काहून होते असं?"

धंद्याचं विचारलं, की बाला गप्प बसवत नाही.

"हमाल नसंल," तो म्हणाला. थांबून दम घेतला. "नाही त..."

"नाही त काय?"

"रस्ता बंद असंल."

वर्गात मी असं कधीच शिकवलं नसतं. रिपोर्टातला तो आकडा परत येणाऱ्या मालाचा असतो. कमी दिसला म्हणून रस्ता बंदच असेल असं नाही. पण त्या घडीला मला शास्त्र नको होतं, बा हवा होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाजेची कड धरून उठला. सवयीनं स्टिअरिंगच्या दाराशी गेला, हँडलला हात लावून थांबला. किल्ली माझ्या मुठीत होती. तो गाडीला वळसा घालून क्लीनरच्या बाजूला जाऊन बसला. घरची गाडी दुसरं कुणी चालवत असताना बा शेजारी बसलाय, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. याडी पदर आवरत मागे बसली.

तांड्याच्या उतारावर मी ॲक्सिलरेटर जोरात दाबला. बानं डोळे मिटलेले, एक हात डॅशबोर्डवर टेकवलेला.

"हळू घे, छोरी," तो म्हणाला. "गाडी खाली नाही, भरेल हाय."