नकाशातली किटली

सोमवार, ९ मार्च १९९२, सकाळी अकरा. स्थळ : माजिवड्याच्या आमच्या पंपांच्या कारखान्यातली सभेची खोली. हजर : धाकटे मालक, कॉम्प्युटर विकायला आलेले दोन टायवाले, स्टोअर्सचे म्हात्रे, डिस्पॅचच्या करंदीकरबाई, टिपणं घ्यायला मी, आणि आमंत्रण नसताना काखेत कागदाची गुंडाळी मारून आलेले आमचे भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नकाशा काढल्याशिवाय पाऊल न उचलणारा असा माणूस कल्याणच्या खाडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत दुसरा झाला नाही. झाला असता, तर दोघं एकमेकांचे नकाशे काढत बसले असते आणि दोन्ही घरांत संध्याकाळची भाजी आली नसती. कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात ते वर्षानुवर्षं होते. त्यांच्याच शब्दावर मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, म्हणून टायपिंगच्या खोलीतल्या बायका म्हणू लागल्या, मग मशीन शॉप, मग वॉचमन, आणि शेवटी धाकटे मालकसुद्धा. एका माणसाला एवढे मेहुणे आणि एवढ्या मेहुण्या असल्याचं उदाहरण पुराणातही नसावं. मी स्वतः यादीवर चालणारी बाई. सकाळी यादी करते, रात्री तिच्यावर रेघा मारते. पण जे काम कुठल्याच यादीत नीट बसत नसे, म्हणजे गॅसचं कनेक्शन बदलणं, मुलीचं कॉलेज, सासूबाई आणि मी यांच्यातला तह, ते घेऊन मी रविवारी डोंबिवलीला जायचे. भाऊजी पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायचे, चौकोनांतून बाण काढायचे, आणि काम कुठे अडलंय ते बाणाच्या टोकाला सापडायचं. यासाठी बहिणीच्या हातची भजी खावी लागत. ती मात्र कुठल्याच नकाशाने सुधारली नाहीत.

भाऊजींचे नकाशे देशांचे किंवा घरांचे नसत, कामांचे असत. कोणतं काम कोणाकडून निघतं, कोणाकडे पोचतं, वाटेत कोणाला काय कळायला हवं, हे सगळं पेन्सिलीने. शाई नाही. सगळ्यांना विचारून होईपर्यंत शाई लावायची नाही, असा त्यांचा दंडक होता, आणि सगळ्यांना विचारून कधीच होत नसे. त्यांचा लाडका प्रश्न एकच : "आणि मग ते कुठे जातं?" हा प्रश्न त्यांनी पोस्टमनला विचारला, दूधवाल्याला विचारला, माझ्या बहिणीला तिने केलेल्या खर्चाबद्दल विचारला आणि दोन दिवस त्याची फळं भोगली. एकदा डोंबिवलीच्या बाजारात एका कोळणीपुढे उभे राहून त्यांनी मासळी कुठून येते, उरलेली कुठे जाते, बर्फ कोण पुरवतं, अशी उलटतपासणी घेतली. भाऊजी जन्माचे शाकाहारी. शेवटी ती बाई शांतपणे म्हणाली, "दादा, म्हावरा तू घेनार नाय, खानार नाय, मंग माजा डोका कशाला खातंस?" भाऊजींनी तिचे आभार मानले आणि घरी येऊन तो चौकोन पुरा केला.

माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी कार्यालयाचाच नकाशा काढला. स्वतःच्या मुलीचं लग्न, आणि हा बाप हळदीच्या दिवशी जिन्यावर पेन्सिल घेऊन बसलेला. आचारी आणि वधूपक्ष यांना एकच दार आहे, मुहूर्ताच्या वेळी घोटाळा होईल, असं त्यांनी व्याह्यांना, भटजींना आणि मॅनेजरला सांगून पाहिलं. सगळ्यांनी त्यांना सरबत दिलं. मुहूर्तावर मामा नवरीला घेऊन दारात आले, समोरून बासुंदीचं पातेलं आलं, आणि दोघांपैकी मागे कोणी सरायचं यावर मंगलाष्टकं थांबली. शेवटी नवरी मागे सरली, कारण बासुंदी जड होती. 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य भाऊजींच्या तोंडून कोणीही कधी ऐकलेलं नाही, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यांत असह्य गुण हाच.

पुढे कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, की इमारत बांधण्याआधी आर्किटेक्ट लागतो, तसा कंपनीत कॉम्प्युटर बसवण्याआधीही लागतो. आधी कंपनीचा नकाशा, मग यंत्र. म्हणजे आपण जन्मभर करतोय त्याला नाव आहे, याचा त्यांना एवढा आनंद झाला की कोजागिरीला गच्चीवर त्यांनी तो सगळ्या बिल्डिंगला सांगितला. बिल्डिंगने त्यातला 'आर्किटेक्ट' एवढाच शब्द उचलला. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना भिंतींची ओल दाखवायला घेऊन जाऊ लागले. भाऊजींनी कोणालाही नाही म्हटलं नाही. पाणी कुठून येतं आणि मग ते कुठे जातं, याचे त्यांनी सुरेख नकाशे करून दिले. गळती एकाही घरातली थांबली नाही, पण आपल्या भिंतीतलं पाणी वरच्या कुलकर्ण्यांकडून येतं हे कागदावर मिळाल्यामुळे भांडणं मुद्देसूद होऊ लागली.

तर त्या सोमवारी टायवाल्यांनी सांगितलं की प्रत्येक खात्यात एक यंत्र बसेल, चपला बाहेर काढून जायची एक थंड खोली होईल, आणि मग कारखाना आपोआप चालेल. स्टोअर्स माजिवड्यात ठेवायची गरजच उरणार नाही; आंबिवलीच्या नव्या शेडमध्ये हलवता येईल. धाकटे मालक खूश. तेव्हा भाऊजींनी गुंडाळी उलगडली. टेबलभर कारखाना पसरला आणि त्याच्या बरोबर मध्ये किटली होती.

"हे काय काढलंय भाऊजी?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"चारच्या चहाची किटली. स्टोअर्स आणि डिस्पॅच यांच्यामध्ये कागद नाही साहेब, ही आहे."

आणि ते खरं होतं. रोज चारला म्हात्रे आणि करंदीकरबाई एकाच किटलीतला चहा घेत. त्या चहात म्हात्रे सांगत की कोणते पंप तयार आहेत आणि कोणते नुसते 'तयार' आहेत, म्हणजे रंग लागलाय पण बेअरिंग आवाज करतंय. त्यावर करंदीकरबाई गाड्या भरत. चलनं आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी, झालेल्या गोष्टीला शोभतील असे, भरले जात. टायवाल्यांनी नेमके तेच फॉर्म अभ्यासले होते. भाऊजींचं म्हणणं एवढंच, की स्टोअर्स हलवाल तर किटली तुटेल. आधी तिची सोय करा. टायवाल्यांपैकी धाकटा अदबीने म्हणाला, "सर, आमच्या सिस्टीममध्ये बेव्हरेज मॉड्यूल नाहीये." सगळे हसले. भाऊजीही हसले आणि गुंडाळी बांधायला लागले. दिवाळीत ते निवृत्त होणार होते. यंत्राच्या आधी नकाशा, हे नोकरीत एकदा तरी घडावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती संधी चहाबरोबर उठून गेली. मी टिपणात लिहिलं : 'नकाशा नंतर पाहू.'

स्टोअर्स आंबिवलीला गेली. यंत्रं आली, त्यांना हार घातले, नारळ फोडला. कॉम्प्युटरवर सगळे पंप 'तयार' दिसू लागले आणि करंदीकरबाई निमूटपणे ते पाठवू लागल्या, कारण विचारायचं कोणाला? त्या वर्षी एका नळपाणी योजनेची मोठी ऑर्डर होती. तिच्यावर दुसरी पाळी चालत होती. पहिली गाडी गेली तशी परत आली. दुसरीही आली, आणि तिच्याबरोबर निरोप, की आणखी एक परत पाठवावी लागली तर ऑर्डर रद्द. ऑर्डर गेली असती तर दुसऱ्या पाळीची सगळी माणसं घरी बसली असती. टायवाल्यांनी यंत्र तपासलं आणि ते निरोगी असल्याचा दाखला दिला. धाकटे मालक माझ्या टेबलाशी आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "ते किटलीवालं चित्र आहे का हो कुठे?"

भाऊजी आंबिवलीला जाऊन म्हात्र्यांसमोर बसले. म्हात्रे चहा सोडूनच बसले होते. "एकट्याने काय प्यायचा? कॉम्प्युटर विचारतो तयार का, मी म्हणतो तयार. कसा तयार ते त्याने विचारलंय का कधी?" भाऊजींनी दोन गोष्टी मागितल्या. रोज चारला माजिवडा आणि आंबिवली यांच्यात फोन, दोन्हीकडे कप हातात घेऊन. आणि कॉम्प्युटरवर 'तयार' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना : 'खरंच तयार'. टायवाल्यांना हे शास्त्राला धरून वाटेना. धाकट्या मालकांना परत आलेली गाडी खिडकीतून दिसत होती. रकाना झाला. तिसरी गाडी गेली आणि रिकामी परतली. ऑर्डर राहिली, दुसरी पाळी राहिली. काही महिन्यांनी टायवाल्यांच्या माहितीपत्रकात तो रकाना त्यांच्या संशोधनाचं फळ म्हणून छापून आला. भाऊजींनी ते पत्रक कौतुकाने बहिणीला दाखवलं.

दिवाळीत शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना निरोप दिला. धाकट्या मालकांनी भाषणात कॉम्प्युटरचे आभार मानले. पण नंतर बाजूला घेऊन त्यांनी भाऊजींना सांगितलं, की तो नकाशा शाईने पक्का करून द्या, दर्शनी भिंतीवर लावू. यापुढे नवीन यंत्र आणायचं तर आधी त्याच्यापुढे उभं राहून. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम भाऊजींनी मला दिलं. सगळ्यांना विचारून झालं होतं, एक चौकोन सोडून. तो माझा. आत येणारे बाण ढीगभर; बाहेर जाणारा एक, पेन्सिलीतला, कागदाच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबलेला.

"तू अडलीस की कुणाकडे जातेस?" त्यांनी विचारलं.

"मी अडत नाही भाऊजी. याद्या असतात माझ्याकडे."

"बरं," ते हसून म्हणाले, "मग एवढा पेन्सिलीतच राहू दे. आठवलं की सांग."

बाकी सगळ्याला मी शाई लावली, किटलीलासुद्धा. पुढच्या वर्षी थंडीत भाऊजी गेले, झोपेत, कोणालाही न विचारता. तेराव्यानंतर त्यांच्या फंडाचे कागद करायला मी ठाण्याला माझ्या घरी यादी घेऊन बसले. एका कागदावर कोणाची सही आधी आणि तो मग कुठे जातो, काही केल्या कळेना. मी फोन उचलला आणि डोंबिवलीचा नंबर फिरवला. बहिणीने घेतला. "भाऊजींना" एवढं माझ्या तोंडून निघालं, आणि तीच म्हणाली, "अगं, त्यांच्यासाठीच केलास ना? मीही मघाशी हाक मारली."

नकाशा अजून माझ्या कपाटावर आहे. धाकटे मालक अधूनमधून आठवण करतात. दर्शनी भिंतीवर खिळा तेव्हाच मारून ठेवलेला आहे. एकच बाण शाईने ओढायचा राहिलाय. दर पाडव्याला नव्या यादीत ते काम मी पहिल्या ओळीवर लिहिते.