शकुनाचं दही

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ‘उपयुक्त सूक्ष्मजीव’ हा पाठ आला की आईच्या विरजणाचं दही वाटीभर घेऊन जातो, त्याचा पातळ थेंब काचपट्टीवर ठेवतो आणि सूक्ष्मदर्शकातून मुलांना लॅक्टोबॅसिलस जिवाणूंच्या बारीक काड्या दाखवतो. हे आपल्या पोटाचे राखणदार, असं छाती फुगवून सांगतो. त्या राखणदारांना मी एक दिवस घाबरेन, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

मग मला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या. डॉक्टर म्हणाले, “घरचं दही-ताक सध्या बंद. त्यातले जिवाणू जिवंत असतात. एरवी चांगलेच, पण तुमच्याकडे आता त्यांना आवरायला कुणी नाही.” आईने हे इतकं मनावर घेतलं की घरातली कढीसुद्धा बंद झाली. मी चिडायचो, ती ढिम्म हलायची नाही.

पुढच्या इंजेक्शनसाठी आई आणि मी निघालो, तेव्हा दारात तिने मला थांबवलं. “हात कर बाप्पा पुढं.” मी हात पुढे केला. लहानपणापासून परीक्षेला, मुलाखतीला, कुठेही निघताना करतो तसाच. तळहात चाटला आणि रिक्षात बसलो.

चिखलीच्या स्टँडवरून बस सुटली आणि जिभेवर आंबट चव जाणवली. वर्गात दाखवलेल्या त्या काड्या आता माझ्या आत होत्या. आई शेजारी निवांत बसली होती. तिला सांगण्याची हिंमत झाली नाही. खिडकीची काच वर करून सारखा कपाळाला हात लावून पाहत होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत थंडी वाजायला लागली. मला मरायचं नव्हतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी ताप पाहिला आणि विचारलं, “खाण्यात काही वेगळं?”

माझ्याआधी आईच बोलली. “नाही साहेब. दही-ताक तं याले म्या दाखवलंबी नाही.” मग ती अडखळली. “निंघताना हातावर ठेवलं होतं, बोटभर. शकुनाचं. पण ते खानं थोडीच होय?”

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला स्वतःच्या तापापेक्षा तिच्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली.

ताप उतरेपर्यंत तिने पलंगाची कड सोडली नाही. संसर्ग औषधांसाठी आधीपासून दंडात बसवलेल्या नळीतून झाला होता, दह्याचा त्यात काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी हे तिला समजावून सांगितलं, मीही सांगितलं. ती हो हो म्हणाली.

आता पेशी भरल्या आहेत. इतक्या अँटिबायोटिक्सनी पोटातले चांगले जिवाणूही धुऊन नेलेत, रोज दही खा, असं डॉक्टरच म्हणतात. आईने विरजण टाकून दिलं होतं, म्हणून शेजारून मागून आणलं. दही मीच लावतो आणि मीच वाढून घेतो.

काल तपासणीला निघताना दारात मुद्दाम थांबलो आणि हात पुढे केला. वाटी मीच भरून तिच्या हातात दिली होती. तिने चमचा दह्यात घातला, पण वर काढला नाही.

“दे ना आई. डॉक्टर हो म्हनले.”

तिने वाटी खाली ठेवली, डब्यातली चिमूटभर साखर माझ्या तळहातावर टाकली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट मिटली.